आखाजीच्या जुगाराचे बॅरिस्टर

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळतातच. इंग्रजांच्या काळात एकदा माझ्या ओसरीवर धाड पडली. जुगाराचा अड्डा चालवतो म्हणून मलाच धरलं. तुरुंग समोर दिसत होता.

धुळ्याहून एक बॅरिस्टर आले. गुत्त्यांचे परवाने आणि जुगाराचे खटले, एवढंच ते लढायचे. स्वतः पत्त्याला बोट लावत नसत. काळ्या झग्याच्या टोकानं सारखा चष्मा पुसायचे. नंदुरबारच्या कोर्टात त्यांनी माझ्या बायकोलाच उभं केलं.

"माय, डावातला वाटा घरात यायचा का?"

ती कडाडली, "कसाना वाटा? उलट याना दोस्त मन्ह्या सांजोऱ्या खाई गयात!"

बॅरिस्टर न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, घरधनी कमावतो तो अड्डा. हे घर तर तोट्यात आहे."

मी सुटलो. बाहेर येऊन ती त्यांना म्हणाली, "आते याले परत धरं, ते मी नही येवाव."

ते चष्मा पुसत हसले. "याल, माय. अशा बायका मी रोज बघतो."

माणूस खरं बोलला. पुढं मी जिथं जिथं अडकलो तिथं ती शिव्या देत आली.

पौषात ती गेली. परवा तापानं दवाखान्यात पडलो होतो, तर मूर्खासारखा दाराकडेच बघत राहिलो.