उभ्या गाडीचा मार

चालत्या मोटरसायकलीवरून पडून हातपाय मोडून घेणारी माणसं जगात ढिगानं सापडतील, पण उभ्या मोटरसायकलीकडून आयुष्यभर मार खाल्लेला माणूस अख्ख्या भारतवर्षात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. रस्त्यावर त्यांना कधी खरचटलंसुद्धा नाही. दिल्लीच्या बसगाड्या, टांगे, ट्रॅक्टर आणि रस्त्यात बसलेल्या गाई यांच्यामधून आपली ती जुनी, धिप्पाड मोटरसायकल ते अशी नेत, की मागे बसलेल्याला डुलकी लागावी. ऑफिसातून सुखरूप घरी येत, गाडी स्टँडला लावत, आणि तिथून पुढं त्यांच्या जिवाला धोका सुरू होई.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. ते थोरलीचे, मी धाकटीचा. नव्वदीच्या सुरुवातीला नोएडात सरकारी नोकरांच्या सोसायटीचे फ्लॅट तयार झाले, तेव्हा परमुलखात आपलं माणूस जवळ असावं म्हणून दोघींनी एकाच आवारात घरं घ्यायला लावली. त्यांचं तळमजल्यावर, आमचं समोरच्या इमारतीत वर. आपलं माणूस जवळ असणं म्हणजे काय, ते मला पहिल्याच रविवारी कळलं. पेपर उघडतो न उघडतो तोच खालून आरोळी आली. पुढं पुढं मला आरोळीवरून दुखापत ओळखता येऊ लागली. सायलेन्सरचा चटका बसला की आईचा धावा, किक उलटी बसली की वडिलांचा, आणि चेनमध्ये बोट सापडलं की इतकी वर्षं दिल्लीत राहून कमावलेली अस्सल हिंदी. शेजारच्या पंजाबी आंटी गॅलरीतून मला बातमी द्यायच्या, "भाईसाहब, आपके साढ़ू साहब पे फिर गाड़ी गिर गई." मी उठायचो, स्कूटर काढायचो, त्यांना मागं बसवून सेक्टरच्या बाजारातल्या डॉक्टरकडे न्यायचो. तिथल्या बाकावर माझी जागा ठरून गेली होती. हाडं सांधत होती तोवर निदान हसायची तरी सोय होती. पुढं प्रकरण त्यांच्या पायावर बेतलं.

बरं, गाडीचा राग येईल तर शपथ. "मुकं जनावर आहे हो," पट्टी बांधून घेताना ते मलाच समजावत, "बोलता येत नाही म्हणून लाथ मारतं." एकदा टाकीतलं पेट्रोल काढायला नळी तोंडाला लावून ओढली आणि घोटभर पोटात गेलं. दिवसभर ढेकर देत फिरत होते, आणि देवापुढं निरांजन लावलेलं म्हणून ताई, म्हणजे माझी मेहुणी, त्यांना देवघराकडे फिरकू देत नव्हत्या. दसऱ्याला तर कहर झाला. सगळी दिल्ली रावण जाळायला निघालेली, आणि हे सोवळं नेसून आवारात गाडीची पूजा मांडून बसलेले. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि नारळ फोडायला दगड मिळेना म्हणून तो गाडीच्याच फूटरेस्टवर आपटला. नारळ फुटला नाही. गाडी मात्र स्टँडवरून सुटली आणि यांना सोवळ्यासकट खाली घेऊन बसली. डॉक्टरनं कपाळ पुसलं तेव्हा कळलं की निम्मं कुंकू आहे आणि निम्मं रक्त. संध्याकाळी प्लास्टरच्या हातानं मला आपट्याचं पान देत म्हणाले, "पूजा पावली. तुमच्या स्कूटरची करून देऊ का?" त्या दिवसापासून मी स्कूटर इमारतीच्या मागं लावू लागलो.

त्याच काळात देशात नवं वारं शिरलं. बघता बघता रिकाम्या प्लॉटांवर बंगले उठले, गच्च्यांवर डिश आल्या, आणि आवारात नव्या, हलक्या, एका किकमध्ये सुरू होणाऱ्या मोटरसायकली दिसू लागल्या. त्यांच्या मालकांना स्पार्क प्लग कुठं असतो तेही ठाऊक नसे, आणि म्हणूनच ते धडधाकट होते. मी साडूंना म्हटलं, "विका ही, आणि घ्या एक नवी. कशाला नसती उठाठेव?" त्यांनी माझी कीव केल्यासारखं पाहिलं. "नव्या गाडीत करायचं काय? नुसतं बसायचं?" दर शनिवारी ते सुटे भाग आणायला करोल बागेत जात, तेही बसनं, कारण गाडी बहुतेकदा आदल्या रविवारपासून पोट उघडून पडलेली असे. तिथले दुकानदार त्यांना 'इंजिनियर साहब' म्हणत, चहा पाजत. आठवडाभर फायलींवर शेरे मारणाऱ्या माणसाला शनिवारी कोणीतरी इंजिनियर म्हणतं, यातलं सुख मला आता कळतं. तेव्हा मला फक्त रविवारची धास्ती असे.

मग त्यांना साखर निघाली. इतकी वर्षं यांना टाके घालून डॉक्टरचाही जीव मेटाकुटीला आला होता. त्यानं गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्याकडे पाहून, कारण यांच्याकडे पाहण्यात काही अर्थ नव्हता, म्हणाला, "पैर पे चोट नहीं लगनी चाहिए. ज़ख्म बिगड़ा तो पैर काटना पड़ेगा." ताईंनी रडून घेतलं, देवाला नवस बोलल्या आणि गाडीची चावी डाळीच्या डब्यात लपवली. पण यांना मारायला त्या गाडीला चावी लागत होती कुठं? मी अक्षरशः हात जोडले. "साडूबुवा, गाडी सोडा, पाय राखा." तर म्हणे, "बिल्कुल. बूट घालूनच बसेन." तीन-चार रविवार खरोखरच वर बनियन, खाली लेंगा आणि पायात ऑफिसचे काळे बूट, असा अवतार करून बसले. नंतर बूट चावतात म्हणून रबरी चपला परत आल्या, आणि बॅटरी बसेल म्हणून चावीही डब्यातून बाहेर आली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी सांगून सांगून थकलो आणि शेवटी नुसता शेजारी जाऊन बसू लागलो.

त्या रविवारीही मी खालीच होतो. गाडी बऱ्याच दिवसांनी सुरू झाली होती, आणि त्यांनी ती स्टँडवर तशीच चालू ठेवली होती. ते पाटावर बसले होते, इंजिनाकडे कान लावून. "ऐका, आता कशी सुरात बोलतेय." मला नुसती धडधड ऐकू येत होती. मग वास आला. आधी वाटलं, आंटींच्या स्वयंपाकघरात काहीतरी करपलं. मग खाली पाहिलं. बोलण्याच्या नादात त्यांनी एक पाय लांब करून टेकवला होता, तो सायलेन्सरवर. चपलेचं रबर वितळून गळत होतं आणि करंगळीची बाजू तापल्या लोखंडाला चिकटली होती. ते अजून सुराबद्दलच बोलत होते. मी पाय खसकन ओढला, तसे माझ्यावरच वैतागले. "काय झालं?" मग पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "मला लागलं कसं नाही हो?"

इतकी वर्षं त्या आरोळ्यांना मी कंटाळलो होतो, उशी कानावर दाबून घेतली होती, मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी एकदा ओरडावं म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं. त्यांना स्कूटरवर बसवताना तेच मला सांगत होते, "सावकाश चालवा."

पाय वाचला. बदल्यात करंगळी गेली आणि कित्येक महिने अंथरुणात गेले. आंटी डबा घेऊन यायच्या आणि दरवेळी डोळ्याला पदर लावून तेच म्हणायच्या, "साहब चिल्लाए भी नहीं." गाडी विकायला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. करोल बागेतला एक ओळखीचा दुकानदार टेम्पो घेऊन आला, तेव्हा हे खिडकीपाशीसुद्धा आले नाहीत. 'इंजिनियर साहब कैसे हैं,' असं त्यानं विचारलं, आणि उत्तर द्यायला मीच उभा होतो.

डॉक्टरचं म्हणणं होतं की साखरेनं पाय बधिर होत चाललेत, यांना स्वतःला काही कळणार नाही, तेव्हा पाय रोज दुसऱ्या कोणीतरी नीट पाहायचे. ताईंना मोतीबिंदू, मुलगा नोकरीला बंगलोरला. राहता राहिलो मी. पहिल्या दिवशी फार संकोचले. "अहो, तुम्ही साडू. माझे पाय कसले धरता? लग्नात सासऱ्यांनी धुतले, त्यानंतर यांना कोणी हात लावलेला नाही." मी म्हटलं, "सासरे एकदा धुऊन सुटले, मी अडकलो. द्या इकडे." मग तो रोजचाच शिरस्ता झाला. ऑफिसातून यायचं, चहा घ्यायचा आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊन बोटाबोटांत पाहायचं. रविवारी परीक्षा असे. त्यांनी डोळे मिटायचे, मी कापूस लावलेली काडी कुठंतरी टेकवायची, आणि कळलं तर त्यांनी सांगायचं. टाचेला कळे. चवड्याला कधी कळे, कधी नाही. बोटं गप्प असत. न कळताच काडी फिरून गेली की ते डोळे उघडत आणि माझ्या तोंडाकडे बघत, आणि मला चेहरा सांभाळता येत नसे.

असाच एक रविवार होता. टाच झाली, चवडा झाला. "बोटांवर आलात का?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं. "आलो," मी म्हटलं, पण काडी टेकवायच्या ऐवजी खाली ठेवली आणि चष्मा पुसू लागलो. ते डोळे घट्ट मिटून, मान ताठ करून वाट बघत होते. माझा हुंदका त्यांना ऐकू गेला असावा. थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "आई गं."

"लागलं?"

"लागलं की. अंगठ्याला. चांगलंच लागलं."

काडी जमिनीवर पडलेली होती आणि माझे दोन्ही हात चष्म्यावर होते.

"बरोबर," मी म्हटलं. "अंगठाच."