दादांनी मागितलेलं स्टेअरिंग

गाडी भंगारात द्यायची ठरली तेव्हा दादा एक शब्द बोलले नाहीत. दादा म्हणजे माझे वडील. एरवी हा माणूस भाजीत मीठ जास्त झालं तरी घर डोक्यावर घ्यायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली आणि परसाकडे गावाबाहेर जाणं त्यांच्याच्यानं होईना. घराला लागून संडास बांधायचा तर जागा एकच होती, आणि त्या जागेवर कडुलिंबाखाली गाडी उभी होती.

गाडी जुन्या बांधणीची, बोजड, लांब नाकाची. दादांनी तरुणपणी औरंगाबादच्या एका वकिलाकडून ती घेतली आणि भाड्यानं चालवली. हसनाबादपासून भोकरदनपर्यंतचे नवरदेव, अडलेल्या बाळंतिणी, साप चावलेले, सगळे तिच्यातून गेले. इंजिन कधीच बसलं होतं, तरी दादा रोज संध्याकाळी आत जाऊन स्टेअरिंगवर हात ठेवून बसायचे. आई म्हणायची, "एवढा वेळ माझ्यापाशी बसले अस्ते तर माझा जन्म सुखाचा झाला अस्ता."

मी जाफराबादला शाळेत शिकवत होते. रजा टाकून, गाडी न्यायच्या आदल्या दिवशीच हसनाबादला घरी आले. जेवताना दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी नेऊ द्या त्यायला. तेवढं स्टेरिंग मला काढून दे, बाई."

झटक्यानंतर त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी लगेच हो म्हणाले. लहानपणी त्यांच्या हाताखाली पाने-हातोड्या देत वाढलेली मी, एक नट काढायचा आणि चाक ओढायचं, त्यात काय एवढं, असं मला वाटलं.

सकाळी आईनं दादांची खुर्ची लिंबाखाली आणून ठेवली. भंगारवाला दुपारपर्यंत येणार होता. मी स्टेअरिंगच्या मधलं हॉर्नचं बटण उचकटून काढलं आणि आत बघतच राहिले. नट दिसतच नव्हता. लाल-पिवळ्या कठीण खपल्यांचा एक गोळा तिथं बसला होता.

कसला गोळा ते कळायला मला वेळ लागला नाही. दसऱ्याला सगळे लोक गाडीच्या नाकावर हळदीकुंकू लावतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. दादांचं मत वेगळं होतं. नाक काय पूजायचं, वळवणारं स्टेरिंग आहे, गाडीचं कपाळ तेच, असं ते म्हणायचे. म्हणून दर दसऱ्याला ते हॉर्नचं बटण काढून आतल्या नटाला हळदीकुंकू लावायचे आणि वरून नारळाचं पाणी सोडायचे. इंजिन बसल्यावरही त्यांनी हा नेम मोडला नाही. इतक्या वर्षांचं ते गोड पाणी आत झिरपून स्टेअरिंग आणि त्याखालचा दांडा गंजानं एकजीव झाले होते.

आईनं वाकून पाहिलं. "घ्या. भक्तीनं पार जाम करून टाकलं."

दादा ओशाळले. झटक्यानंतर त्यांचा चेहरा अर्धाच हलायचा, पण ओशाळलेला कळत होता. मला आईचा राग आला.

खपल्या खरवडल्या, रॉकेल सोडलं, हातोडीनं हलके ठोके दिले. नट कुरकुरत सुटला. तो मी पुरता काढला नाही, दोन आटे अडकवून ठेवला. नाहीतर चाक एकदम निसटून तोंडावर येतं, हे दादांनीच शिकवलं होतं. मग सीटवर बसून, गुडघे खालून लावून ओढलं. हललं नाही. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून झटके दिले. गाडी हलली, स्टेअरिंग नाही.

आता मला खरी भीती वाटायला लागली. स्टेअरिंगचं कडं जुनं, वाळलेलं, त्याला जागोजागी केसासारख्या चिरा. जोर कमी पडला तर ते गाडीबरोबर जाणार, जास्त झाला तर दादांच्या डोळ्यांसमोर माझ्या हातात तुटणार. डॉक्टरनं बजावलं होतं, यांना कसलाही धक्का बसता कामा नये. आणि इथं ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते, कपाळाला घाम सुटला होता.

"दादा, तुम्ही आत जाऊन पडता का जरा?"

"न्हाई. तू कर. बराबर करून राह्यलीस."

मी विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातून पुल्लर मागून आणला. दोन आकड्या स्टेअरिंगच्या मधल्या भागाखाली अडकवायच्या आणि मधला स्क्रू दांड्यावर पिळत जायचा, म्हणजे चाक वर ओढलं जातं. मी पिळत गेले. पाना जड होत गेला. कुठंतरी बारीक करकर झाली आणि मी थांबले. आईला म्हणाले, "कडं धरून ठेव. तुटतंय असं वाटलं तर ओरड." आईनं ते दोन्ही हातांनी तान्हं बाळ धरावं तसं धरलं. मघाचा सगळा खोचकपणा गेला होता. तिचे ओठ हलत होते, कुठल्या देवाला साकडं घालत होती कोण जाणे.

मी डोळे मिटून आणखी एक पीळ दिला. टक्क असा मोठा आवाज झाला.

तुटलं, असंच मला वाटलं. डोळे उघडायचा धीर होईना. आईच म्हणाली, "अगं, निघलं."

स्टेअरिंग धडधाकट होतं. मी नट काढला, ते पदरानं पुसलं आणि दादांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी उजव्या हातानं ते धरलं. तेवढ्यात भंगारवाल्याचा ट्रॅक्टर दारात आला.

भंगारवाल्यानं गाडीत डोकावून पाहिलं, मग दादांच्या मांडीकडे. "स्टेरिंग काढून बसले? मंग गाडी वळवायची कशी? ट्रक गल्लीत येत न्हाई, तो फाट्यावर उभाय. तिथलोक ट्रॅक्टरनं वढून न्यायची, कोनीतरी आत बसून वळवाया पाहिजे का न्हाई?"

माणसं येतील आणि गाडी अख्खी उचलून नेतील, असं मी धरून चालले होते. सकाळभर जीव टांगणीला लावला, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी त्या माणसावर उगाचच खेकसले.

दादांनी स्टेअरिंग माझ्यापुढे धरलं. "बसव परत. मी बसतो वळवायला."

"अवो, काय बोलून राह्यले तुमी?" आई म्हणाली. "एका हातानं?"

"एकच लागतो."

आम्ही नको नको म्हणत राहिलो. शेवटी भंगारवालाच म्हणाला, "बसू द्या. दांडीनं जोडतो, दोरानं न्हाई. गाडी मागून धडकायची न्हाई." मी स्टेअरिंग बसवलं आणि नट हातानंच फिरवून ठेवला, फाट्यावर काढायचंच होतं म्हणून. टायरांत हवा भरली. दादांना दोघांनी उचलून आत बसवलं. मी पाना घेऊन शेजारी बसले, केव्हाही पकडता यावं म्हणून उजवा हात स्टेअरिंगजवळ धरून.

ट्रॅक्टर हलला. गल्लीत दोन्ही बाजूंना भिंती, पुढं पाण्याची टाकी, तिथला वळणाचा कोपरा. दादांनी त्या एका हातानं स्टेअरिंग असं फिरवलं की गाडी टाकीला न घासता अलगद वळली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. दुकानासमोरच्या म्हाताऱ्यानं हात वर केला, तर यांनी मान हलवली, पूर्वी भाडं घेऊन जाताना हलवायचे तशी.

फाट्यावर ट्रॅक्टर थांबला. मी नटाला हात घातला. दादांनी माझा हात धरला.

"राहू दे."

"दादा, तुम्हीच मागितलं होतं ना? सकाळपासून..."

"घरी नेऊन काय वळवू त्यानं?"

ट्रकवाला जल्दी करा म्हणून ओरडत होता. जालन्याला भट्टीत जायची होती गाडी, तिच्या सळया होणार होत्या. दादांनी माझा हात सोडला आणि नटाकडे बोट केलं.

"पान्यानं आवळ. वाटंत सुटंल."

मी पाना लावला आणि अंगात होता तेवढा जोर लावून तो नट आवळला.