बत्तासा कोणी काढला?

हे मी आजवर कोणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो. हसलात तरी चालेल, अधूनमधून मलाही हसू येतंच.

गिरगावातल्या आमच्या चाळीत फोनवर चालणारं एक नाणं आहे. नाव बत्तासा. कोणाचं पार्सल घेऊन ठेवलं तर एक बत्तासा, कोणाच्या आजारी आईपाशी बसलं तर दोन. त्याचे रुपये होत नाहीत, पण चाळ त्यावर बेहद्द खूश आहे. वर्षानुवर्षं अबोला धरलेले शेजारी बत्ताशांपायी एकमेकांची दारं वाजवायला लागले. पण हे काढलं कोणी? पत्ता नाही. एके दिवशी सगळ्यांच्या फोनवर निमंत्रण आलं, खाली नाव फक्त 'चाळकरी'.

मला मात्र ठाऊक आहे. एकदा माझे बत्तासे अडकले, म्हणून जिन्यात चाळीतल्या एका सूनबाईजवळ कुरकुरलो. कोणत्या, ते विचारू नका. घरी येऊन चहा होईतो बत्तासे सुटलेले! तसाच परत गेलो. ती आधी लाजली, मग म्हणाली, "अण्णा, नाव नका हं सांगू. कोणी काढलंय ते कळलं ना, की सगळे माझ्याच दारात भांडायला येतील. आत्ता कसे, एकमेकांकडे जातात."

शब्द दिला. पाळलाही. मग चुकलं कुठे?

तेच तर सांगतोय. मी कॉम्प्युटर खात्यातून निवृत्त झालेला, म्हणून संशय माझ्यावर. गणपतीच्या मीटिंगला खजिनदाराने विचारलंच, "अण्णा, तुम्हीच ना ते?" आता, आपल्याकडे चांगल्या कामाची कबुली कशी देतात? 'हो, मीच' असं कोणी भला माणूस म्हणतो का? मी मान तिरपी केली, हसलो आणि म्हणालो, "छे हो! मी कोण करणारा?" शब्दन् शब्द खरा. आणि लोक त्याचा काय अर्थ घेणार — हे मला बोलायच्या आधीच पक्कं ठाऊक होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेव्हापासून माझी चंगळ आहे. आरतीचा पहिला मान माझा, कोणाकडे नारळीभात झाला की वाटी आमच्याकडे. खोटं कशाला बोलू, मजा येते! पण गणपतीत माझा सत्कार झाला, तेव्हा शाल-श्रीफळ घेताना ती समोरच बसली होती. तिचा नवरा तिला म्हणाला, "बघ, याला म्हणतात डोकं." ती हसली. माझी मात्र मान खाली गेली. शाल काढून ठेवली का? नाही.

उपाय सोपा आहे. माईकवर छाती फुगवून सांगायचं, "हो, मीच!" फुशारकी मारणाऱ्यावर आमची चाळ कधी विश्वास ठेवते? हा नव्हेच, असं लगेच ठरेल. तिचं गुपित शाबूत, माझं सोंग उतरलेलं. यंदा गणपतीच्या कार्यक्रमाला ठरवूनच गेलो होतो. माईक हातात आला. समोर ती. सगळी चाळ कान टवकारून बसलेली.

मान आपोआप तिरपी झाली.

"छे हो," मी म्हणालो, "मी कोण करणारा?"

सगळ्यांत जोरात टाळ्या तिने वाजवल्या.