सहाव्या पोर्टवरच्या दोन रिंग

आधीच सांगतो, भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. टेलिफोन खात्यात मी अठ्ठावीस वर्षं लाइनमन होतो. ‘फोन आपोआप वाजतो’ अशी तक्रार घेऊन माणसं यायची, एकाने तर रिसिव्हरला लिंबू-मिरची बांधून ठेवलेली... आणि जाऊन बघावं तर जॉइंटमध्ये पाणी, नाहीतर उंदराने कुरतडलेली वायर. प्रत्येक वेळी. त्यामुळे इथले अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात फॉल्ट शोधत असतो. आज स्वतःचा लिहितोय, कारण याचा फॉल्ट मला सापडलेला नाही.

मी रत्नागिरीत राहतो, भाट्याच्या पुलाच्या अलीकडे, दोन खोल्यांत. एकटा. मूलबाळ नाही. बायको शुभा सहा वर्षांपूर्वी गेली. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत ती शिक्षिका होती. दोन एसट्या बदलून जायची, त्यात बीपीचा त्रास. वाडीवर मोबाईलला रेंज नाही. शाळेत एकच फोन, तोही हेडमास्तरांच्या टेबलावर, आणि त्यावर घरच्या गप्पा मारायची तिला लाज वाटायची. म्हणून आमची एक पद्धत ठरलेली होती. दहाला दहा कमी असताना तिने शाळेतून घरी दोन रिंग देऊन कट करायचं, म्हणजे ‘पोचले’. मी उचलायचं नाही. मग मी शाळेत एक रिंग देऊन कट करायचं, म्हणजे ‘कळलं’. त्यानंतर मी चपला घालून ड्यूटीवर. एकदा लग्नाच्या वाढदिवसाला मी चेष्टेने फोन उचलला, तर हेडमास्तरांसमोर तिची पंचाईत झाली. त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आमची घरची लाईन डेड झाली. मला माहीत होतं. पण रजिस्टरमध्ये दुसऱ्यांच्या तक्रारी आधीच्या होत्या, आणि स्वतःची लाईन पुढे ओढायची नाही हा माझा तोरा. शुभाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर सगळ्या गावाचे फोन दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा फोन बंद, म्हणून तिने रात्रभर चिडवलं असतं. आता डेड लाईनचं असं आहे की घरी फोन वाजत नाही, पण लावणाऱ्याला रिंग ऐकू येते. म्हणजे तिला वाटलं, आपली रिंग पोचली. घरी फोन वाजणारच नव्हता, म्हणून मी त्या सकाळी लवकर निघून भाट्याला खांबावर चढलेलो. मोबाईल खिशात होता. त्यावरून शाळेत एक रिंग द्यावी असं डोक्यात आलंसुद्धा. म्हटलं, हातातलं आटपू दे.

सव्वादहाला ती वर्गात कोसळली.

तेराव्याला तिच्या शाळेतल्या साळवीबाई आल्या होत्या. जाताना दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, “प्रार्थनेची घंटा झाली तरी बाई फोनपाशीच उभ्या होत्या. म्हणाल्या, ह्यांची रिंग आली नाही अजून.”

त्या बिचाऱ्या सहज बोलून गेल्या. मी मात्र ते वाक्य उशाशी घेऊन झोपत आलोय. घरचा फोन मी त्याच महिन्यात परत करून टाकला.

पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरात बसून भिंती अंगावर यायच्या, म्हणून एका कॉल सेंटरमध्ये कामाला लागलो. एमआयडीसीत पहिल्या मजल्यावर पंधरा-वीस मुली हेडफोन लावून रक्ततपासणीच्या अपॉइंटमेंट घेतात. त्यांचं सगळं इंटरनेटवर चालतं. पण बाहेरच्या माणसाला जुना साधा नंबरच पाठ असतो. म्हणून मध्ये गेटवे नावाची एक पेटी असते. एका अंगाला खांबावरून आलेली तांब्याची वायर, दुसऱ्या अंगाला इंटरनेटची केबल. जुन्या फोनचं बोलणं नव्या भाषेत करून देणारी दुभाषीच म्हणा. ती पेटी सांभाळणं हे माझं काम. मुली मला काका म्हणतात, डब्यातलं देतात... पाच वाजले की मी परत माझ्या दोन खोल्यांत.

गेल्या पावसाळ्यात एक्स्चेंजकडून दोन लाईन नव्या घेतल्या. मी त्या पेटीच्या पाचव्या आणि सहाव्या पोर्टला, म्हणजे वायर खोचायच्या खाचेला, जोडल्या; नंबरांचे कागद परस्पर ऑफिसात गेले. पंधरा दिवसांनी मॅनेजर मॅडमनी बोलावून रिपोर्ट दाखवला. सहाव्या पोर्टवर रोज ९.५० ला कॉल येतो, दोन रिंग होतात आणि मुलींनी घ्यायच्या आत कट. नंबर दिसत नाही. मॅडम पुण्याच्या, वयाने माझ्या भाचीएवढ्या. असे सुटलेल्या कॉलचा आकडा शून्य पाहिजे म्हणाल्या.

९.५० बघूनही माझी ट्यूब पेटली नाही. मी टेस्टिंगचा फोन घेऊन पेटीच्या रॅकसमोर खाली बसलो, सहावी लाईन तपासायला तिच्यावरून माझ्याच मोबाईलवर कॉल लावला. मोबाईल वाजला. स्क्रीनवर नाव आलं — ‘घर’.

आमचाच नंबर. परत केलेले नंबर खातं पुन्हा दुसऱ्याला देतं, त्यात नवल नाही. नाव मी मोबाईलमधून कधी पुसलंच नव्हतं. पण मी तोच कॉल पुन्हा दोनदा लावून बघितला, हे खरं.

मग मी लाइनमनसारखा वागलो. जॉइंट उघडले, वायर बदलली, पेटी बदलली. रिंग येतच राहिल्या. रविवारी यायच्या नाहीत. गणपतीत आमचं ऑफिस चालू होतं, शाळांना सुट्टी होती, तेव्हाही आल्या नाहीत. एक्स्चेंजमधल्या सुर्व्याला, माझ्या जुन्या सोबत्याला, रेकॉर्ड बघायला लावलं. तो म्हणाला, “तुझ्या लायनीवर सकाळचा कॉलच नाय आलेला. मशीन कशाला खोटं बोलंल?” साळवीबाईंना फोन केला. पटसंख्येअभावी शाळा बंद झालेली, खोल्यांना कुलूप, फोन तर आधीच काढून नेलेला. तो नंबर मला पाठ होता. लावून बघितला तर ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’.

खरं सांगू? भीती नाही वाटली. मी दहाला दहा कमी असताना रॅकसमोर जाऊन बसायला लागलो. पेटीवरचा सहाव्या पोर्टचा दिवा दोनदा लुकलुकायचा. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला ‘पोचले’ म्हणून कळवत होतं. त्यासाठी मी सकाळी दाढी करून यायचो, हसू नका.

एका शुक्रवारी मॅडमनी सांगितलं, सोमवारपासून सहाव्या पोर्टवर ऑटो-आन्सर टाका. म्हणजे पहिल्याच रिंगला रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागणार. आमच्या घरच्या नंबरावर परकी बाई! मी घरी येऊन जेवलो नाही. तेव्हा कुठे लक्षात आलं की मी रोज ऐकून घेत होतो, पण उत्तर एकदाही दिलं नव्हतं. ती अजून फोनपाशीच उभी होती.

शनिवारी दोन रिंग आल्या, कट झाल्या. मी त्याच लाईनवरून शाळेचा तो नसलेला नंबर फिरवला. जरा वेळ काहीच नाही. मग तिकडे रिंग वाजली. एक, पूर्ण. मी बटण दाबून कट केलं आणि मोठ्याने म्हणालो, “कळलं गं.” दारातली मुलगी बघत राहिली.

सोमवारी ऑटो-आन्सर टाकण्याआधी मी मॅडमकडून एक आठवडा मागून घेतला. त्या आठवड्यात रिंग आली नाही. नंतरही नाही. मॅडम खूश, आकडा शून्य झाला. काय केलंत काका, म्हणाल्या. मी सांगितलं, जॉइंट घट्ट केला.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. तारांतलं मला जेवढं कळतं, त्यात हे बसत नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा. मी केलं ते बरोबरच केलं, तिला तसं ताटकळत ठेवणं बरं नव्हतं. तरी अजून दहाला दहा कमी असताना मी रॅकसमोर बसतो. आणि काही सकाळी वाटतं, एवढी घाई नको होती करायला... अजून आठवडाभर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं.