अजून उतरंल

पोटच्या पोरांची किळस येते, असं बापानं लिहू नये म्हणतात. मी लिहिणार आहे. माझ्या गळ्यातलं स्वरयंत्र डॉक्टरांनी काढून टाकलंय, तेव्हा निदान हातानं तरी मला खरं बोलू द्या.

मी मोंढ्यातला, म्हणजे धान्याच्या बाजारातला माणूस. एका अडत दुकानात मुनीम होतो आणि हर्रासाची बोली पुकारायचो. तूर, उडीद, सोयाबीन, समोर ज्याचा ढीग असेल त्याचा भाव माझ्या तोंडून निघायचा आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. घरीही मी तसाच बोलायचो. बायको म्हणायची, "अवं, म्या हितंच हाय, कळंबला न्हाय." या आवाजाच्या जोडीला बिडी होती. सकाळी उठलो की बायको चुलीतला निखारा चिमट्यात धरून आणायची आणि मी त्यावर पहिली बिडी पेटवायचो. घरात गॅस आला तरी पाणी तापवायला चूल होतीच, त्यामुळे निखारा काही चुकला नाही. लग्नापासूनचा आमचा तो शिरस्ता होता.

घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सोलापूरच्या दवाखान्यातून मी तुळजापूरला घरी आलो तो गळ्याला भोक घेऊन. श्वास तिथून, बोलणं बंद. गळ्याला लावून बोलायचं एक गुणगुणणारं यंत्र त्यांनी दाखवलं होतं, ते मला जमलं नाही. मग थोरल्यानं एक पाटी आणून दिली. थोरला सरकारी कचेरीत कारकून आहे, धाकटा शाळेत मास्तर. दोघांना वाचता येतं, सुनांना येतं, नातवंडांना येतं. बायकोला येत नाही, ती कधी शाळेत गेलीच नाही. म्हणजे सगळ्या घराशी मला बोलता येत होतं, आणि जिच्याशी बोलायचं होतं तिच्याशीच येत नव्हतं.

तिच्याशी तर बोलायलाच हवं होतं. मी घरी आल्यावर थोड्याच दिवसांत ती माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "म्याच निखारा देत आले तुमाला. माझ्या हातानं झालं ह्ये." मी जोरजोरात मान हलवली, हात झाडले. असलं काही मनात आणू नकोस, असं मला म्हणायचं होतं. तिला वाटलं, मी तिला समोरून जायला सांगतोय. ती उठून गेली ती पुन्हा माझ्याजवळ बसली नाही. चहा ठेवायची आणि निघून जायची. वर तिनं चप्पल सोडली. धाकट्या सुनेकडून मला कळलं की मी मनातून माफ केल्याशिवाय पायात काही घालायचं नाही, असं ती देवीपुढं बोलून आली होती.

मी पाटीवर लिहिलं: निखाऱ्याचा काही संबंध नाही, बिडी मी ओढली, माझा तुझ्यावर राग नाही, चप्पल घाल. थोरल्याला बोलावलं आणि आईला वाचून दाखव म्हणून खूण केली. त्यानं मनातल्या मनात वाचलं. बापानं आईला लिहिलेलं मोठ्यानं वाचायची त्याला लाज वाटली असावी. पाटी पुसून तो म्हणाला, "आई, आण्णा म्हणतेत, काळजी करू नगं." ती बरं म्हणाली आणि अनवाणीच भाजी आणायला गेली. मग मी धाकट्याला धरलं. धाकटा मास्तर आहे, त्यानं सारांश सांगितला. सुनेच्या हातात तसली पाटी देणं माझ्याच्यानं होईना, आणि नातवाला द्यावी तर तो गल्लीभर सांगत सुटला असता.

पुढं तपासणीला गेलो तेव्हा दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मला लहान टॅबलेट दाखवला. आपण अक्षरं दाबायची आणि तो ते मराठीत मोठ्यानं बोलतो. मोबाइलवर माझं बोट एका वेळी तीन अक्षरांवर पडायचं, मोठा टॅबलेट हाताला जड होता. हा वहीएवढा, मांडीवर नीट बसणारा. मी तिथंच पाटीवर लिहिलं, आजच घेऊ. थोरला हसला. म्हणाला, "आण्णा, दुकानात महाग पडतंय. मोबाइलवरनं मागवू. भाव उतरायलाय, जरा दम धरा."

मी दम धरला. भाव खरोखरच उतरला. थोरल्यानं मोबाइल धाकट्याला दाखवला, दोघं खूश झाले. मला वाटलं आता मागवतील. थोरला म्हणाला, "बघितलं? गेल्या महिन्यात घेतला असता तर किती गेले असते. अजून उतरंल."

त्यानंतर दर वेळी हेच. भाव जरा उतरला की घरात सण. जेवताना चर्चा, शेजाऱ्याला फोन, आणि शेवटी "कार्टमध्ये टाकून ठेवलाय आण्णा, पळून जात न्हाय." मोंढ्यात मी हे आयुष्यभर पाहिलंय. भाव चढायला लागला की खरेदीदार एकमेकांच्या अंगावर येतात. उतरायला लागला की तेच लोक हात मागं बांधून ढिगापासून लांब सरतात, आणि जितका पडेल तितके आणखी लांब. मालाची गरज कुणाची संपलेली नसते, पण आज घेतला आणि उद्या आणखी पडला तर आपण मूर्ख ठरू, ही भीती गरजेपेक्षा मोठी होते. मोंढ्यात मला त्याचं काही वाटत नव्हतं, तो धंदा होता. बापाच्या बोलण्यावर घरात बसून कुणी असा धंदा करेल असं मात्र वाटलं नव्हतं.

ते गरीब असते तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. दोघांचे पगार वेळेवर होतात. दारात चारचाकी आहे आणि तिला ऊन लागू नये म्हणून कव्हर आहे. त्याच उन्हात माझी बायको मंगळवारी देवीला अनवाणी जायची आणि परत आली की ओसरीच्या कडेला बसून तळव्यांवर पाणी ओतायची. वैशाखात तिच्या टाचा फाटल्या. सुनेनं मलम आणलं. मलम त्याच दिवशी आलं, कारण त्याचा भाव उतरणार नव्हता. मी खाटेवरून बघत राहायचो, आणि आत दोघं भाऊ मोबाइलवर भावाचा आलेख बोटानं वर-खाली करत बसलेले असायचे. मला त्यांची किळस यायची. हे शब्दशः सांगतोय, समोर ताट आलं तरी घास उतरायचा नाही. सुना म्हणायच्या, औषधानं तसं होतं.

नवरात्राच्या तोंडावर मोठा सेल लागला. त्या दिवशी भाव जो कोसळला तो बघून दोघं भाऊ उभेच राहिले. थोरला म्हणाला, "आता न्हाय घेतला तर परत न्हाय मिळायचा." इतके दिवस ज्या वस्तूची घाई नव्हती ती एकाएकी जगण्यामरण्याची झाली. थोरल्यानं पोरासाठी मागवला. धाकट्यानं पोरीसाठी मागवला. मग थोरल्याच्या मेव्हण्याला द्यायला एक, धाकट्याच्या साडूच्या पोराला वाढदिवसाला एक. कुणालाही काल त्याची आठवण नव्हती, आज स्वस्त आहे म्हणून चार माणसांची गरज जन्माला आली. मी पाटीवर "माझा" असं लिहून दोघांच्या मध्ये धरली. थोरला म्हणाला, "घालतो की आण्णा." त्यानं बटण दाबलं, तोंड वाकडं केलं आणि मोबाइल मला दाखवला. माल संपला होता.

"पुढच्या सेलला नक्की," तो म्हणाला. "तवा अजून उतरंल. तोवर पाटी हाय की."

चार टॅबलेट आले. दोन कागदात गुंडाळून नात्यात गेले, दोन घरात राहिले. मी एकदा नातवाकडं हात पुढं केला. थोरला मधे पडला, "त्याचा अभ्यास असतो त्यावर, बिघडला तर पंचाईत." पडद्यावर तेव्हा मोटारींची शर्यत चालली होती. त्या दिवसापासून मी पोरांच्या हातचा चहा घेणं बंद केलं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

दिवाळी झाल्यावर मी पोस्टात गेलो. माझ्या मागं बायकोला असावेत म्हणून तिथं थोडे पैसे ठेवलेले होते, त्यांना मी कधी हात लावला नव्हता. ते काढले, पिशवीत पाटी घातली, गळ्याला रुमाल बांधला आणि एसटीनं धाराशिवला गेलो. मोबाइलच्या पहिल्या दिसलेल्या दुकानात शिरून पाटीवर लिहिलं, लहान टॅबलेट, मराठी बोलणारा. दुकानदार भला माणूस निघाला. पाटी वाचून म्हणाला, "हाय बाबा. पण सेल संपलाय, भाव परत चढलाय. थोडं थांबा, उतरंल." मला पाटी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. मी लिहिलं, आत्ता. त्यानं मला स्टुलावर बसवलं, मराठी आवाज भरून दिला आणि कसं दाबायचं ते शिकवलं.

घरी आलो तर दोघं भाऊ कामावरून आलेले. डबा बघितला, भाव विचारला. मी पावती पुढं केली. थोरल्यानं ती दोनदा वाचली. "आण्णा, लुटलं की तुमाला. आमाला इचारायचं तरी." धाकट्यानं सेलचा भाव आणि हा भाव शेजारी शेजारी लावून फरक काढला. दोघांच्या चेहऱ्यावर इतकी हळहळ होती की मी मेलो असतो तरी एवढी झाली नसती. मी तिथं थांबलो नाही. ते टीव्ही लावून बसले.

बायको स्वयंपाकघरात सुपात तुरीची डाळ निवडत होती. मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो आणि एकेक अक्षर दाबत गेलो. ती डोकं वर न करता खडे वेचत होती. लिहून झाल्यावर मी बटण दाबलं. "निखाऱ्यानं काही झालं नाही. बिडी मी ओढली. माझा तुझ्यावर राग नाही, कधीच नव्हता. चप्पल घाल." आवाज एका तरुण बाईचा होता, शहरातल्या, गोड. बायकोनं झटकन डोक्यावर पदर घेतला आणि कोण आलं म्हणून दाराकडं बघितलं. मी माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि तेच पुन्हा दाबलं.

या वेळी ती माझ्या बोटांकडं बघत ऐकत होती. "ह्ये तुमी म्हनताव?" तिनं विचारलं. मी लिहिलं, "हो, मीच." यंत्र बोललं.

मला वाटलं होतं ती रडेल. तिनं सूप बाजूला सारलं आणि एकदम तापली. "मग येवढे दिस का न्हाय सांगितलं? म्या हितं झुरून झुरून मरायले. माझं पाय बघा."

मी लिहिलं, "पोरं भाव उतरायची वाट बघत होती."

"कशाचा?"

"याचा." मी टॅबलेटवर बोट आपटलं.

तिनं ती वहीएवढी वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाली, "मग, उतरला का?"

मी लिहिलं, "उतरला. त्यांनी चार घेतले. माझ्या वेळी माल संपला." गोड बाईनं ते जसंच्या तसं सांगितलं. बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत दाबलं आणि पुढचं लिहायला घेतलं.