नवी एजन्सी, तोच टेम्पो

"शी! ओकारी येता माका," असं म्हणत शेजारचे काका गॅस एजन्सीचा फोन ठेवायचे आणि तो लुंगीला पुसायचे, जणू पलीकडच्या माणसाची थुंकीच त्याला लागली होती.

आमचं घर रस्त्यालगत. त्यांचं वर, चिऱ्यांच्या उभ्या पायऱ्या चढून. टेम्पोवाला त्यांचा सिलिंडर माझ्या अंगणात टाकून जायचा. "टेम्पो जाता थंयसरच. वर चढवचा काम माझा नाय." मग आम्ही दोघे तो बांबूला बांधून पालखीसारखा वर न्यायचो. मध्येच थांबून काका म्हणायचे, "आज देव जड झालो रे!"

तुम्ही म्हणाल, त्यापेक्षा चूल बरी. पण काकींना दमा होता. गॅस संपला की काका अंगणात तीन दगडांवर पेज शिजवायचे आणि समुद्रावरचं वारं फिरलं की अख्खी चूल उचलून दुसऱ्या कोपऱ्यात मांडायचे. काकींच्या खिडकीकडे धूर जाता कामा नये. या धावपळीत पेज करपायची. काकी ती निमूट खायच्या आणि "बरी झाली हां," म्हणायच्या.

मग कळलं, एजन्सी बदलता येते. मोबाइलवर अर्ज मीच भरून दिला. "घरपोच मिळेल, काका," असं नव्या एजन्सीतल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं. पहिला सिलिंडर यायच्या दिवशी काकांनी पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडलं, वर येणाऱ्यासाठी कोकम सरबत केलं.

टेम्पो आला. तोच टेम्पो, तोच माणूस. शर्ट तेवढा नव्या एजन्सीचा. दोन्हीकडचं वाटप त्यानेच घेतलं होतं. "काका, तुमी हयसर पण इलास?" म्हणून तो दात काढून हसला आणि सिलिंडर माझ्या अंगणात टाकला. त्या हसण्याची मला आलेली किळस अजून गेलेली नाही. मी फोन केला तर बाई म्हणाल्या, "घरपोचच आहे हो, पण घरापर्यंत रस्ता नको का?"

काकांनी मात्र वरून सरबत आणून त्याला दिलं. "केलेला आसा तर पी."

पुढच्या खेपेला मी बहिणीकडे कणकवलीला होतो. भरलेला सिलिंडर माझ्या अंगणात पडून राहिला, वर चूल पेटली आणि वारं अचानक फिरलं. काकींना खुर्चीत बसवून चौघांनी पायऱ्यांवरून खाली आणलं. त्या परत वर गेल्या नाहीत.

काका दोडामार्गला मुलीकडे गेले. निघताना एवढंच म्हणाले, "वाऱ्याचो दोष नाय रे."

त्यांच्या घरात आता होमस्टे आहे. तोच टेम्पोवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन माझ्या दारावरून वर चढतो. न राहवून एकदा विचारलं, तर म्हणाला, "पर्यटकांका थांबवन चलात काय?"

शी! ओकारी येते मला.

ते तीन काळे दगड होमस्टेवाल्याने ठेवले आहेत. गावची चूल म्हणून पाहुणे त्यांच्याजवळ बसून फोटो काढतात. त्याने ते नीट हलवून मांडलेत, काकींच्या खिडकीखाली.