भोंग्याची कानतपासणी

माझ्या साडूला कारखान्यात सगळे भोंगा म्हणतात. तो कुजबुजला तरी शेजारच्या गल्लीत बातमी पोचते. पत्रे कापायच्या प्रेसवर घाव पाडणारी पायपट्टी त्याची आणि साच्यात पत्रा सरकवणारे हात माझे. त्या धडधडाटात आमचं बोलणं ओठ वाचूनच चालतं. कानात घालायचे बोळे तो गळ्यात दोरीला अडकवून फिरतो आणि सुपरवायझर दिसला की तेवढ्यापुरते कानात खुपसतो. महाहट्टी माणूस!

दरवर्षी कान तपासतात. नापास झालं की प्रेस सुटली, मग पॅकिंगमध्ये बसून खोकी चिकटवायची. भोंग्याला ते मरणाहून वाईट. पण तो पास व्हायचाच. तपासणारा काचेपलीकडे समोर बसायचा. आवाज सोडताना त्याचा खांदा हलला, की इकडे हा बटण दाबायचा. हे गुपित त्यानं मला फुशारकीनं सांगितलं, तेही अशा आवाजात, की मी आधी दार लावून घेतलं.

यंदा तपासायला नवी मुलगी आली. "काका, आवाज आला की बटण दाबा," असं समजावून तिनं त्याला हेडफोन चढवले आणि खुर्ची सरळ भिंतीकडे फिरवली. पुढचा नंबर माझा, म्हणून मी तिच्या मागेच उभा होतो.

भोंगा डगमगला नाही. जरा थांबून त्यानं बटण दाबलं. तिच्या यंत्रावर दिवा लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा दिवा. प्रेसवर पाय पडतो तशा एकसारख्या लयीत. आधीच्या माणसाचा कागद लावत बसलेली मुलगी चमकून माझ्याकडे बघायला लागली.

"मी अजून आवाज सोडलाच नाहीये."

पुरे झालं असं वाटून भोंग्यानं स्वतःच हेडफोन काढले आणि ऐटीत बाहेर आला. "बघितलंस? एकही चुकला नाही!"

"काका, थांबा," मुलगी त्याच्या पाठीमागून म्हणाली. तो वळलाच नाही.

मी त्याचे खांदे धरले आणि ओठ सावकाश हलवत म्हणालो, "दादा, तिनं अजून सुरूच केलं नव्हतं."

त्याचं तोंड उतरलं. आता आकांडतांडव करणार, असं मला वाटलं. पण त्यानं कधी नव्हे त्या हळू आवाजात विचारलं, "साच्यावर वाकतोस तेव्हा तुझं तोंड दिसत नाही मला. कधी थांबा म्हणून ओरडलास?"

"परवाच. पत्रा अडकला होता. हात कसाबसा ओढला मी."

मला त्याचा भयंकर राग आला होता आणि तितकीच कीवही येत होती. त्यानं माझे दोन्ही हात ओढून घेतले, एकेक बोट चाचपून पाहिलं. मग मुलीकडे वळला.

"पोरी, नापास लिही."